गाडी मित्राची, हाड आपलं: मोटार विमा आणि भरपाईच्या वाटेचं परीक्षण

सोलापुरातून गाडी निघते ती सहसा भरूनच निघते. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर, थंडीत कुणाच्या तरी शेतात हुरडा. गाडी एकाची, पेट्रोल दुसऱ्याचं, शेंगाचटणी-भाकरीचा डबा तिसऱ्याचा. म्हणून इथल्या माणसाने मोटार विमा बंपर किती दिवसांत बदलून मिळतो यावरून जोखू नये. गाडी दुभाजकावर चढली आणि मागे बसलेल्या मित्राच्या मांडीचं हाड मोडलं, तर पैसे कोण देतं आणि ते मागताना दोघांत बोलणं राहतं का, हे पाहावं. या परीक्षणात याच बाजूने तीन उत्पादनं तपासली आहेत: प्रायव्हेट कार पॅकेज पॉलिसी (स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि इतरांबद्दलचं दायित्व, दोन्ही धरणारी), लायबिलिटी ओन्ली म्हणजे रोजच्या भाषेतली थर्ड पार्टी, आणि प्रवाशांचं पीए (पर्सनल ॲक्सिडेंट) कव्हर. त्यापुढची सेवा, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आणि लोकअदालत, हीही सोबत आहे. कारण पॉलिसी कसाला लागते ती तिथेच.

निकाल आधीच सांगतो. गाडीत घरच्यांशिवाय कुणीही बसत असेल तर पॅकेज घ्या. नुसती थर्ड पार्टी असलेल्या गाडीत मित्राला बसवणं म्हणजे त्याच्या हाडांचा विमा आपल्या घरावर उतरवणं.

कागदावर काय पाहायचं

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 147 खाली जो विमा सक्तीचा आहे, त्यात रस्त्यावरचा पादचारी येतो, समोरचा दुचाकीस्वार येतो, धडकलेल्या दुसऱ्या गाडीतली माणसं येतात. खासगी कारमध्ये फुकट बसलेला मित्र येत नाही. दुचाकीवर मागे बसलेल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2006 आणि 2008 मध्ये हेच सांगितलं, आणि कारमधल्या प्रवाशालाही तोच न्याय लागतो. पॅकेज पॉलिसीचं तसं नाही. तिच्या दायित्वाच्या भागात वाहनातले प्रवासीही धरलेले असतात, फक्त ते भाड्याने बसलेले नसावेत एवढी अट. कंपन्या तरीही हात वर करायच्या, म्हणून विमा नियामकाने नोव्हेंबर 2009 मध्ये परिपत्रक काढून पॅकेजमध्ये हे दायित्व आहेच असं स्पष्ट केलं. 2012 मध्ये बालकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला.

म्हणजे कार तीच, खड्डा तोच, मोडलेलं हाड तेच. पॉलिसीच्या मथळ्यावर ‘पॅकेज’ असेल तर पैसे कंपनीचे, ‘लायबिलिटी ओन्ली’ असेल तर गाडीमालकाचे. गल्लीतल्या दहा गाडीवाल्यांना विचारा, बहुतेक जण ‘फुल इन्शुरन्स आहे की’ म्हणतील. कागद उघडून बघा. हप्त्याच्या तक्त्यात एका बाजूला ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीचं नुकसान) आणि दुसऱ्या बाजूला लायबिलिटी असते. ओन डॅमेजची बाजू शून्य किंवा गायब असेल तर ती थर्ड पार्टीच. एम-परिवहन ॲपवर कंपनीचं नाव आणि वैधतेची तारीख दिसते, पण त्या हिरव्या खुणेवरून पॉलिसीचा प्रकार कळत नाही. पीडीएफच उघडावी लागते.

घोळ बहुधा नूतनीकरणाच्या वेळी होतो. गाडी आठ-दहा वर्षांची झाली की मालक म्हणतो, आता हिला काय होणार, फक्त थर्ड पार्टी काढ. थर्ड पार्टीचे 1 जून 2022 पासूनचे दर असे: 1000 सीसीपर्यंतच्या कारला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416, त्यावर 7,897, आणि वर जीएसटी. पॅकेजमध्ये हीच रक्कम असते, अधिक ओन डॅमेज. गाडी जुनी म्हणून आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, कमी, आणि आयडीव्ही कमी म्हणून ओन डॅमेजचा हप्ताही कमी. त्या थोड्या रकमेत पत्र्याची भरपाई फारशी मिळणार नाही हे मालकाचं गणित बरोबर असतं. फक्त त्या हप्त्यासोबत मागच्या सीटवरची माणसं पॉलिसीत येतात, हे त्या गणितात धरलेलं नसतं. फार जुन्या गाडीला काही कंपन्या पॅकेज देत नाहीत किंवा आधी तपासणी मागतात. अशा वेळी दुसऱ्या कंपनीकडे विचारावं, थर्ड पार्टीवर भागवू नये. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले तर नो क्लेम बोनसही (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो.

पीए कव्हरबद्दल गैरसमज सर्वांत जास्त. मालक-चालकाचं 15 लाखांचं पीए असतं ते मालकाचं, तेही तो स्वतः चालवत असेल किंवा सहचालक म्हणून बसला असेल आणि लायसन्स चालू असेल तर. मित्राचा त्याच्याशी संबंध नाही. मित्रासाठी ‘अननेम्ड पॅसेंजर’ पीए वेगळं घ्यावं लागतं. खासगी कारला माणशी जास्तीत जास्त 2 लाख, आणि जुन्या टॅरिफच्या हिशेबाने दर 10,000 ला 5 रुपये, म्हणजे माणशी 100. पाच सीटची गाडी 500 रुपयांत झाली. घ्यावं का? घ्यावं, पण त्याच्याकडून काय मिळतं ते समजून. मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व, दोन अवयव किंवा दोन डोळे गेले तर पूर्ण रक्कम; एक अवयव किंवा एक डोळा गेला तर निम्मी. मांडीचं हाड मोडलं, रॉड बसला, चार महिने खाटेवर काढून माणूस पुन्हा चालायला लागला, तर या कव्हरमधून एक रुपयाही येत नाही. शोरूमवाला झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्टवर अर्धा तास बोलतो, या ओळीवर एक मिनिटही नाही. त्याचाही इलाज नाही म्हणा, गिऱ्हाईकच पत्र्याबद्दल विचारतं.

‘केस घातलास का बे माझ्यावर?’

दावा दाखल झाला की गाडीमालकाच्या घरी न्यायालयाची नोटीस जाते. त्यात वर अर्जदार म्हणून मित्राचं नाव, खाली सामनेवाला क्रमांक 1 म्हणून आपलं, आणि क्रमांक 2 वर विमा कंपनी. मजकुरात ‘निष्काळजीपणे, भरधाव वेगात वाहन चालवून’ असं छापलेलं. रक्कम 10-15 लाख. ही नोटीस बहुधा बायकोच्या किंवा वडिलांच्या हातात पडते, आणि मग वरच्या मथळ्यातला प्रश्न फोनवर येतो.

या व्यवस्थेची रचनाच अशी आहे. कलम 166 खालचा दावा चालकाच्या निष्काळजीपणावर उभा असतो. मालकाचं दायित्व आधी ठरतं, मग ते कंपनीवर जातं. मालकाला वगळून नुसत्या कंपनीवर दावा टिकत नाही. म्हणून ‘माझं नाव काढून टाक, कंपनीकडून घे’ ही मागणी मान्य करणं मित्राच्या हातात नसतं. हे दावा दाखल करण्याआधी तोंडी सांगायला हवं, शक्यतो घरी जाऊन, वहिनींसमोर. वकील हे काम करत नाहीत, करूही नये.

मालकाच्या रागामागे निम्मी भीती नो क्लेम बोनसची असते, आणि ती बिनबुडाची आहे. हा बोनस (एनसीबी) फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळतो आणि ओन डॅमेजचा क्लेम घेतला तरच जातो. प्रवाशाने किंवा तिऱ्हाइताने भरपाई मागितली म्हणून 50 टक्क्यांचा शून्य होत नाही. मालकाने स्वतःचा बॉनेट बदलून घेतला तेव्हाच तो गेलेला असतो, आणि बिल मात्र मित्राच्या नावावर फाडलं जातं.

दुसरी भीती फौजदारीची, ती खरी आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 281 बेदरकार चालवण्यासाठी, 125 (ब) गंभीर दुखापतीसाठी, आणि मृत्यू झाला तर 106 (1). एफआयआरशिवाय दावा अगदीच चालत नाही असं नाही, पण लंगडतो. इथेच मित्र एकमेकांना ‘मदत’ करायला जातात आणि दोघेही अडकतात. फौजदारी खटल्यात जखमी मित्र शपथेवर सांगतो, ‘याची काही चूक नव्हती, कुत्रं आडवं आलं.’ तीच साक्ष कंपनीचा वकील न्यायाधिकरणात निशाणी लावून, म्हणजे पुरावा म्हणून नोंदवून, दाखवतो. निर्दोष सुटल्याचा निकाल न्यायाधिकरणावर बंधनकारक नसतो, पण शपथेवरचं आपलंच वाक्य खोडणं जड जातं.

चूक सिद्ध न करता मिळणारी वाटही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 164, 1 एप्रिल 2022 पासून नव्या रूपात: मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला 2.5 लाख, निष्काळजीपणाचा शब्द उच्चारायची गरज नाही. मित्राविरुद्ध बोलायचं नसेल आणि दुखापत बरी होणारी असेल तर ही वाट संबंधांना सोसते. मात्र ही रक्कम स्वीकारली की 166 चा दावा संपतो. कायमचं अपंगत्व असलेल्याने 2.5 लाखांवर सही करण्याआधी खाली दिलेला हिशेब करून बघावा.

समोर ट्रक असेल तर आणखी एक दार उघडं असतं, आणि फार थोडे वकील ते आपणहून दाखवतात. प्रवाशाची स्वतःची चूक नसते. दोन वाहनांच्या एकत्रित चुकीने तो जखमी झाला, तर तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये खेन्येई प्रकरणात सांगितलं आहे. म्हणजे ट्रकमालक आणि ट्रकची विमा कंपनी एवढ्यांवरच दावा लावता येतो, मित्राला सामनेवाला न करता. नंतर दोन कंपन्या आपापसांत वाटणी करतील. अट एकच: ट्रकचीही खरोखर काही चूक असायला हवी आणि ती पंचनाम्यात दिसायला हवी. रात्री दिव्याशिवाय, रिफ्लेक्टरशिवाय उभा केलेला उसाचा ट्रॅक्टर-ट्रॉली हे आपल्या जिल्ह्यातलं गाळप हंगामातलं नेहमीचं उदाहरण.

पहिले दोन दिवस

दाव्याचा सर्वांत महत्त्वाचा कागद वकील लिहीत नाही, पोलिसही लिहीत नाहीत. तो अपघात विभागातला डॉक्टर घाईत लिहितो. सिव्हिल असो की खासगी, केसपेपरवर ‘हिस्टरी’ची एक ओळ असते: केव्हा, कुठे, कशाने लागलं. सोबत आलेला माणूस सांगेल ते तिथे उतरतं. पोलिसांचं झंझट नको म्हणून कुणी ‘बाईकवरून पडला’ सांगितलं, की पुढे कारचा दावा तिथेच चिरडतो. कंपनीचा तपासनीस सर्वांत आधी हीच ओळ बघतो. म्हणून ॲडमिट करणाऱ्याने खरं ते सांगावं, गाडीचा नंबर सांगावा, कोण चालवत होतं ते सांगावं, आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद, झाली का हे तिथेच विचारून घ्यावं.

लायसन्स नसलेल्या भावाच्या जागी लायसन्सवाल्याला चालक दाखवणं, स्वतःच घसरून पडलेल्या गाडीला एखाद्या विमा असलेल्या वाहनाने ठोकल्याचं दाखवणं, हे उद्योग चालतात. उघडे पडले की फसवणुकीचा गुन्हा होतो आणि त्यात जखमीचंही नाव येतं. ज्याला वाचवायला हा डाव केला, तो मित्र आणि आपण मग एकाच आरोपपत्रात.

उपचाराच्या खर्चाला मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, माणशी 1.5 लाखांपर्यंत, यादीतल्या रुग्णालयांत. ॲडमिट करतानाच विचारा. डिस्चार्जच्या वेळी विचारून उपयोग नसतो.

बिलं कुणी भरली यावरून नंतर होणारी कुरबूर टाळता येते. अपघाताच्या रात्री गाडीमालक अपराधी वाटून खिशातून 50-60 हजार भरतो. बिल जखमीच्या नावाने निघतं. दोन-तीन वर्षांनी भरपाई जखमीच्या खात्यात जमा होते, त्यात ते 60 हजारही असतात. मागायचे कसे आणि द्यायचे का, यावर दोन घरांत अबोला होतो. भरतानाच यूपीआयने भरा, म्हणजे नोंद राहते, आणि ते उसने की मदत हे त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर एका ओळीत लिहून ठेवा. चमत्कारिक वाटेल, पण नंतरचं तोंडी भांडण यापेक्षा जास्त चमत्कारिक असतं.

नोटरीसमोर 500 च्या स्टॅम्पवर ‘एक लाख घेतले, काही तक्रार नाही’ असं लिहून घेणं मात्र टाळा. पॉलिसीत छापील अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय मालकाने चूक कबूल करायची नाही, रकमेचं वचन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. चांगल्या मनाने केलेला तो स्टॅम्प कंपनीच्या वकिलाला आयता मुद्दा देतो. मालकाने करायचं ते एवढंच: कंपनीला लगेच लेखी कळवणं, आणि आरसी, लायसन्स, पॉलिसीच्या प्रती मित्राला देणं. पोलिसांनीही 48 तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरण आणि कंपनीला द्यायचा आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल, असं 2022 चे नियम सांगतात. तो अहवाल झाला का, हे पोलीस ठाण्यात विचारत राहावं लागतं.

रकमेचा हिशेब

‘तुला किती पाहिजे ते सांग’ या वाक्याने मैत्रीचं जेवढं नुकसान होतं तेवढं कोर्टाच्या नोटिशीने होत नाही. कारण रक्कम कुणाला ‘पाहिजे’ म्हणून ठरत नाही, ती कोष्टकाने निघते.

युनिफॉर्म शिवणारा, स्वतःच्या चार मशीन असलेला 34 वर्षांचा माणूस धरा. महिना 18,000 उत्पन्न. वर्षाचे 2,16,000. स्वयंरोजगार आणि वय 40 च्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवा (प्रणय सेठी, 2017): 3,02,400. वय 31 ते 35 ला गुणक 16 (सरला वर्मा, 2009): 48,38,400. आता कमाईची क्षमता किती टक्के गेली ते. 15 टक्के धरली तर 7,25,760. त्यावर औषधोपचार, खाटेवर घालवलेल्या महिन्यांचं बुडालेलं उत्पन्न, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च, वेदनेबद्दलची रक्कम आणि व्याज वेगळं. नोटिशीतला आकडा मित्राच्या हावरेपणाचा नसतो, तो या गुणाकाराचा असतो. गाडीमालकाला हे कागदावर मांडून दाखवलं तर निम्मा ताप उतरतो.

टक्केवारीत सर्वांत जास्त घसरण होते. अपंगत्वाच्या दाखल्यावर ‘उजवा पाय 40 टक्के’ लिहिलेलं असतं. ते त्या पायाचं असतं, पूर्ण शरीराचं कमी. आणि कमाईची क्षमता त्याहूनही वेगळी, असं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात समजावलेलं आहे. पाय आखडला तर बसून हिशेब लिहिणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. पायमशीन चालवणाऱ्याचं किंवा यंत्रमागावर पाळीभर उभं राहणाऱ्याचं कामच जातं. म्हणून दाखला देणाऱ्या डॉक्टरची साक्ष लागते. नुसता कागद लावून भागत नाही. डॉक्टर येत नाहीत, तारीख पडते, पुन्हा पडते. दावे रेंगाळण्याचं हे मोठं कारण आहे. दाखला घेतानाच ‘साक्षीला याल ना’ विचारून ठेवा.

उत्पन्नाच्या पुराव्यात आपल्याकडची माणसं मार खातात. विडी, यंत्रमाग, गारमेंट, हातगाडी, सगळा रोखीचा व्यवहार. अपघाताआधीचं आयकर विवरणपत्र असेल तर उत्तम. अपघातानंतर घाईने भरलेलं कुणी मानत नाही. ते नसेल तर उद्यम नोंदणी, बँकेचं पासबुक, माल देणाऱ्या कारखानदाराची पावतीपुस्तकं आणि त्याची साक्ष. काहीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास अंदाज धरतं.

मेडिक्लेम घेतला म्हणून भरपाईतून ती रक्कम वजा करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये ठरवलं. मूळ बिलं मेडिक्लेमला जातात, म्हणून आधीच प्रमाणित प्रती काढून ठेवा.

न्यायाधिकरण आणि लोकअदालत: सेवा कशी आहे

सोय म्हणून पाहिलं तर एक गोष्ट फार चांगली आहे. दावा कुठे लावायचा हे अर्जदाराने निवडायचं: अपघात झाला तिथे, आपण राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे. तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीच्या हद्दीत अपघात झाला तर गुन्हा धाराशिव जिल्ह्यात नोंदला जातो, पण दावा सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातल्या न्यायाधिकरणात लावता येतो. विजापूर रस्त्यावर भीमा ओलांडली की कर्नाटक. तिथले पंचनामे, जबाब कानडीत. इथे दावा चालतो, फक्त त्या कागदांचं भाषांतर करून घ्यावं लागतं. आपल्याकडे कानडी वाचणारा शेजारी शोधावा लागत नाही, पण कोर्टाला शेजाऱ्याचं भाषांतर चालत नाही.

मुदत सहा महिने, अपघाताच्या तारखेपासून. कलम 166 (3) मधल्या या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. ‘आधी पाय बरा होऊ दे, मग मित्राशी बोलू, मग बघू’ यातच सहा महिने जातात.

वकिलाबद्दल दोन शब्द. जखमीचा आणि गाडीमालकाचा वकील एकच ठेवू नका, दोघं कितीही जिवलग असले तरी. आणि भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. रुग्णालयाच्या आवारात केसपेपर चाळत ‘तीस टक्के द्या, बाकी आमच्यावर सोडा’ म्हणणाऱ्याला चहाही पाजू नका.

मालकासाठी सर्वांत मोलाची सूचना: नोटीस आली तर गप्प बसू नका. दोस्तीखातर हजरच न राहणं हा उदारपणा वाटतो, प्रत्यक्षात तो दोघांनाही भोवतो. मालक लढत नाही किंवा दोघांचं संगनमत आहे असं दिसलं, की कलम 170 खाली परवानगी घेऊन कंपनी सगळेच मुद्दे उकरते. हजर व्हा, म्हणणं द्या. त्यात खरं लिहा: अपघात झाला, गाडी माझी, पॉलिसी पॅकेज आहे, लायसन्स चालू होतं, कुणाकडून भाडं घेतलेलं नव्हतं. पेट्रोल वाटून घेणं म्हणजे भाडं नव्हे, पण पोलिसांच्या जबाबात ‘प्रत्येकी 300 रुपये देऊन बसलो’ असं वाक्य गेलं तर कंपनी त्यावर वर्षभर वाद घालेल.

लायसन्सची मुदत संपलेली असेल तर ‘पे अँड रिकव्हर’चा प्रसंग येऊ शकतो: कंपनी आधी मित्राला पैसे देते आणि मग ते मालकाकडून वसूल करायला निघते. दावा जिंकल्यानंतर मैत्री तुटते ती इथे. दारात वसुलीचा बेलिफ उभा असताना ‘पैसे तर कंपनीने दिले’ हे समजावणं कठीण. लायसन्सवरची तारीख आजच बघा, तीही गाडी ज्याच्या हातात देता त्याची.

गाडी मागून नेणाऱ्याला तर बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. मित्राची कार घेऊन गेला, स्वतःच चालवत होता, स्वतःच दुभाजकाला धडकला, तर तो मालकाच्या जागी उभा राहतो आणि त्याच गाडीच्या तिऱ्हाइताच्या विम्यातून स्वतःसाठी मागू शकत नाही (निंगम्मा, 2009, रामखिलाडी, 2020). त्याचं स्वतंत्र अपघात विमा कवच असेल तरच निभावतं. चावी देणाऱ्याने हे सांगायला हवं, नेणाऱ्याने विचारायला हवं. आणि विकलेली गाडी आरसीवर अजून आपल्याच नावावर असेल, तर चालवणारा कुणीही असो, सामनेवाला आपण.

लोकअदालतीला आमची पसंती आहे, एका अटीवर. कंपनीचा अधिकारी समोर बसतो, वरचाच गुणाकार कमी-जास्त करून आकडा सांगतो, तडजोड झाली की निवाडा होतो. त्यावर अपील नाही, म्हणजे उच्च न्यायालयात पुन्हा अडकणं नाही. ‘निष्काळजी’ ठरल्याचा शेरा निकालपत्रात येत नाही, हे मित्रांच्या दृष्टीने मोठं. अट ही की अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचे पुरावे आधीच दाखल झालेले असावेत. ते नसताना गेलात तर कंपनी 2.5 लाखांच्या आसपास घुटमळते, आणि वकील ‘मिळतंय ते घ्या’ म्हणतो. तडजोड पुरशीसवर (न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करताना मालकाविरुद्ध वसुलीचा हक्क कंपनीने राखून ठेवलाय का, ती ओळ वाचा. राखून ठेवलेला असेल तर मालकाला तिथेच बोलावून घ्या, नंतर कळवू नका.

तडजोड झाली नाही तर साक्षीपुरावे होऊन निवाडा. निवाड्यानंतर 30 दिवसांत रक्कम भरायची असते. अपील लाखाच्या आतल्या रकमेला नाही. त्यावर असेल तर सोलापूरकरांना ऑगस्ट 2025 पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जावं लागतं. कंपनीने अपील केलं तर नोटीस दोघांनाही येते, अर्जदाराला आणि मालकालाही. तेव्हा एकच गाडी करून जायला हरकत नाही, पॉलिसी तपासून.